जिजीचा एकर

वाई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. ‘माउली गेली’ असं तू लिहिलंस. जिजी गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण हेच बोलतोय. मायेचा सागर, त्यागमूर्ती, घराचा आधारवड. मी मान डोलावतो आणि चहा पुढे करतो. पण तू तिचे धपाटे खाल्लेस, ताटातले आणि पाठीतलेही, म्हणून तुझ्याशी तरी खरं बोलतो. जिजी मायाळू नव्हती असं नाही. पण माया हा तिचा जोडधंदा. मुख्य धंदा कारभार, आणि त्यात तिला मनापासून मजा यायची.

जन्म १९२९ चा, शिक्षण चौथी. १९६२ साली आजोबा गेले तेव्हा ती तेहतीस वर्षांची. पदरात पाच मुलं, त्यांत नाना थोरले, तेही बारा-तेरा वर्षांचे. दिवसकार्य आटोपलं आणि चुलत आजोबा कागद घेऊन आले. पुढचं नानांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथे बसलो होतो असं वाटतं. चुलत आजोबांनी कागद पसरला, शाईची डबी उघडली आणि म्हणाले, “वहिनी, अंगठा.” जिजीनं कागद उचलला, कंदिलापाशी नेला आणि मोठ्यानं वाचायला लागली. एकेक अक्षर जोडत. “पो-ट-गी घे-ऊ-न…” ओसरीवर भाऊबंद बसलेले, कुणाला उठता येईना. जोडाक्षराला अडली की ती दिरालाच विचारायची, “भावजी, ह्ये काय लिवलंय?” आणि आपण तिच्या वाट्याचं काय काय काढून घेतोय ते त्यांना भरसभेत स्वतःच्या तोंडानं सांगावं लागायचं. सगळं वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाली, “सही येती मला. करीन तवा करीन.”

ती सही तिनं कधीच केली नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांइतकाच वाटा दिला होता, हे आळीतल्या मास्तरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. सातबारावर मुलांबरोबर तिचं नाव लागलं.

बाकी तिच्या आयुष्यात मोठ्या घटना फारशा नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिनं पोरं अंगणात काढली आणि हलत्या घरात परत गेली, हिशोबाची वही आणायला. ७२ च्या दुष्काळात रेशनच्या मिलोच्या भाकरी तिनं सगळ्यांना निमूट खायला लावल्या. नाहीतर रोजचं तेच. शेत, गडी, बाजार, आणि हळद.

हळदीचा हंगाम तुला आठवत असेलच. काहिलीतून वाफा निघायच्या, आपले पाय पिवळे व्हायचे आणि शाळेत मास्तर विचारायचे, लग्न ठरलं का रे? शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात पडायची. गडी म्हणायचे, वाळली. जिजी ढिगाच्या तळात हात घालून एक हळकुंड काढायची आणि कानाशी धरून मोडायची. खणकन वाजलं तर वाळलं. आवाज दबका आला की आत ओल आहे, पसरा परत. शेवटी शेवटी तिला हाक ऐकू यायची नाही, पण हळकुंड ऐकू यायचं. व्यापारी आला की त्याच्या कानाशीही एक मोडायची आणि मगच भावाला तोंड उघडायची.

तिची वही परवा चाळली. नवे पैसे १९५७ मध्येच आले, पण ही बया पुढे कितीतरी वर्षं रकाने आण्याचेच आखत होती. त्यात तुझंही पान आहे! कॉलेजच्या फीसाठी तू नेलेले पैसे, तारीखवार, आणि नोकरी लागल्यावर तू फेडलेस तेव्हा मारलेली आडवी रेघ. तू आणखी दोन वर्षं फेडले नसतेस तर तुला जेवायला वाढलं असतं, पण वाढता वाढता आठवणही केली असती.

आता जे भेटायला येणारे बोलत नाहीत ते. १९९६ साली तिनं आमच्या दोन्ही आत्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या करायला लावल्या. त्याआधी दोनच वर्षं राज्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा कायदा आला होता. आधी लग्न झालेल्यांना तो लागू नव्हता, पण आजोबांच्या वाट्यात आत्यांचा हिस्सा ५६ च्या कायद्यानं होताच. ज्या बाईनं स्वतःचा अंगठा दिला नाही, तिनं पोटच्या पोरींच्या सह्या घेतल्या. चार एकराचे तुकडे व्हायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं. साडी-चोळी झाली, पेढे झाले. थोरली आत्या त्यानंतर कितीतरी वर्षं दिवाळीला आली नाही. मला विचारशील तर तिचं बरोबरच होतं. सुनांवर जिजीनं जे राज्य केलं ते लिहीत बसत नाही, आईनं पत्र वाचलं तर तिचीच पुरवणी लागेल.

मग तिन्ही मुलांत वाटण्या झाल्या, पण विहिरीजवळचा एक एकर तिनं स्वतःच्या नावावर ठेवला. त्याची हळद तिची, पैसे तिचे.

दहाव्याला घाटावर सगळे श्वास रोखून उभे. जिजीची इच्छा अडकली असणारच, काकांनी वचनंसुद्धा योजून आणली होती. कावळा पान ठेवता ठेवताच शिवला. सगळ्यांचा जरा हिरमोडच झाला.

आणि घरी आल्यावर कळलं, मृत्युपत्र नाही. कोथिंबिरीची जुडी लिहून ठेवणारी बाई! काका म्हणतात, राहून गेलं. काही राहून गेलेलं नाही. मध्यंतरी वकील घरी आले होते, त्यांना चहा पाजून तिनं परत पाठवलं, मी तिथेच होतो. मृत्युपत्र नसलं की बाईच्या मिळकतीला मुलगे आणि मुली सारखेच वारस, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे त्या एकरात आत्यांचा वाटा आपोआप आला. मी याला प्रायश्चित्त म्हणणार नाही. तसं म्हटलं की ती पुन्हा माउली होते. आपण गेल्यावरही पोरांना आपल्या नावानं एकत्र बसून भांडावं लागेल, एवढाच हिशोब असू शकतो.

काल संध्याकाळी काकांनी नवीन हक्कसोडपत्राचा मसुदा आत्यांपुढे ठेवला. थोरलीनं चष्मा लावला. धाकटी म्हणाली, “ठेव इथं. सावकाश वाचतो आम्ही.” काका माझ्याशीही बोलेनासे झालेत, कारण सातबाराचा उतारा ऑनलाइन काढून आत्यांना मीच दिला.

आत्या अजून चार दिवस इथे आहेत. जमलं तर येऊन जा, थोरली तुझी चौकशी करत होती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
वाईचा मित्र