आडवी बाटली हरते ती मतदार यादीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावात दारू दुकानासाठी मतदान झालं आणि दुकान राहिलं की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली: ‘महिलांनीच पाठ फिरवली’. ती वाचून गावातल्या बाया हसतात आणि दारूबंदीचं काम करणारे आम्ही चडफडतो. पाठ कुणी फिरवलेली नसते, हिशेब चुकलेला असतो. माण-खटावसारख्या तालुक्यांत तो कसा चुकतो, हे एकदा नीट छापून यावं म्हणून हे पत्र.

राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मेख पुढं आहे. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानातली नव्हे, यादीतल्या एकूण महिलांमधली. जी आली नाही, ती न येताच उभ्या बाटलीला मत देऊन जाते.

समजा, यादीत १२४० महिला आहेत. मागणीला ३१० सह्या पुरतात, पण दुकान बंद व्हायला ६२१ मतं हवीत. या १२४० मध्ये ४० वारलेल्या, ५५ लग्न होऊन सासरी गेलेल्या आणि १८० मुंबई-पुण्याला असलेल्या. म्हणजे गावात उरल्या ९६५. त्यांतल्या शंभरातल्या पासष्ट जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच काम होतं. आडवीला ६०० आणि उभीला ९५ मतं पडली, तरी सकाळी दुकानाचं शटर वर जातं. याला निरुत्साह म्हणायचं का?

म्हणून सामाजिक कार्यकर्त्याचं पहिलं काम भाषण नव्हे, यादी. अर्ज देण्याआधी तीन-चार महिने बीएलओकडून, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, यादी घ्यावी आणि वस्तीवार वाचावी. वारलेल्यांसाठी नाव वगळायचा नमुना ७ भरावा, मृत्यूचा दाखला जोडला तर लवकर निपटतं. सासरी गेलेल्या मुलींचे आणि नव्यानं आलेल्या सुनांचे पत्ते नमुना ८ नं बदलतात. वरच्या उदाहरणात ही ९५ नावं निघाली की यादी ११४५ वर येते आणि लागणारी मतं ५७३. अठ्ठेचाळीस मतं कागदावरच वाचली! मात्र जिवंत, गावात राहणाऱ्या कुणाचं नाव काढायच्या फंदात पडू नये. तो गुन्हा आहे, आणि समोरचा गट त्याचीच वाट बघत असतो.

मुंबईकर बायकांचं गणित वेगळं. त्यांचं नाव गावाच्या यादीतच असतं आणि त्यांना ते तिथंच हवं असतं. त्या येतात त्या चैत्र-वैशाखात गावच्या यात्रेला, नाहीतर गणपतीला. तारीख प्रशासन ठरवतं, पण यात्रेच्या आगेमागे मतदान घ्यावं अशी लेखी विनंती करता येते. ऊसतोडीच्या हंगामात, निम्मी वस्ती कारखान्यावर असताना मतदान लागलं तर लढाई तिथंच गेली.

सह्यांचे कागद बहुतेक ठिकाणी घाईत होतात. एका घरातल्या पाच सह्या एकाच हातच्या, सुनेच्या जागी सासूची, यादीत ‘अनुसया’ आणि सही ‘अनसूया’. पडताळणीत असल्या सह्या उडतात. प्रत्येक सहीपुढं यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि यादीत आहे तसंच पूर्ण नाव लिहावं. अंगठा असेल तर तो कुणासमोर घेतला त्याचं नाव बाजूला हवं. ३१० लागत असतील तर साडेचारशे घ्याव्यात, कारण पडताळणीच्या दिवशी काही जणी रानात असतात आणि काहींना घरातून बाहेर पडू दिलं जात नाही. अर्जात दुकान ‘गावातली दारू’ असं मोघम लिहू नये. देशीचं सीएल-३, परमिट रूमचं एफएल-३, जो परवाना असेल त्याचा क्रमांक पाटीवरून उतरवून घ्यावा. गावातलं कुठलंच दुकान सुटू नये, कारण एक राहिलं तर सगळी गर्दी तिकडं वळते.

अर्जावर पहिलं नाव गावातल्या बाईचंच असावं. बाहेरून आलेल्या ताई-दादांचं नाव वर दिसलं की ‘ही संस्थेची नाटकं’ म्हणायला वाव मिळतो. बचत गटांची बैठक ठरल्या वारी होतच असते. तिथंच एकेकीनं पंचवीस नावं वाटून घ्यावीत आणि मतदानापर्यंत तीच पंचवीस सांभाळावीत. पुठ्ठ्यावर दोन बाटल्या काढून शिक्का मारायचा सराव दोनदा तरी घ्यावा. म्हाताऱ्या बायका ‘चांगली उभी आहे ती’ म्हणून उभीवरच बोट ठेवतात, हे सरावातच कळलेलं बरं. आदल्या रात्री साड्या आणि पाकिटं फिरतात. ती घेऊ नका असं सांगून फार उपयोग होत नाही. शिक्का मारताना आत कुणी बघत नाही, एवढं पटवलं तरी पुरतं.

दुकान बंद झाल्यावर शेजारच्या गावातून मोटारसायकलवर पिशव्या येऊ लागतात. त्यासाठी दारूबंदी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं आलेलं, गावातल्या बेकायदा दारूवर नजर ठेवणारं ग्रामरक्षक दल ग्रामसभेत लगेच मागून घ्यावं.

आणखी एक गोष्ट दुकान बंद होण्याच्या आनंदात राहून जाते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास आणि बडबड. घरचे ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ म्हणून देवऋषाकडं नेतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. अशा घरांची यादी दुकान बंद व्हायच्या आधीच आशाताईंच्या मदतीनं करावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावं आणि रात्री जिल्हा रुग्णालयात न्यायला गाडी कुणाची, हेही त्याच वहीत लिहून ठेवावं.

आपल्या,
दारूबंदीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा