लघवीत कमी आलं म्हणून पेढे वाटू नको

लेका,

तू पाठवलेला अण्णांचा रिपोर्ट नीट बघितला. लघवीत शिसं कमी, कॅडमियम कमी, प्लास्टिकमधलं ते बीपीए कमी, फवारणीच्या औषधाचे अंश पण कमी, अन खाली तुझा मेसेज की "बघ, म्हातारा एकदम क्लीन आहे". पॅकेजवाल्यांनी हिरव्या रंगात छापलं की आपल्याला पण सगळं हिरवंच दिसतं. शेवटच्या पानावर रक्तातलं क्रिएटिनिन (शरीराचा कचरा, किडनी दमली की रक्तात साठतो) १.९ लिहिलंय ते वाचलंस का पण? ६८ वर्षाच्या माणसाला १.९ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३८ च्या आसपास येतो, तरण्या धडधाकट माणसाचा ९० च्या वर असतो. मला तर आधी तेच दिसलं, ल्याबमध्ये बसून बसून सवयच झाली.

आता नीट ऐक. लघवीच्या टेस्टमध्ये शरीरात किती माल आहे ते कळत नाही, शरीरानं बाहेर किती टाकला ते कळतं, अन टाकणारी किडनीच दमली असेल तर आकडा कमी येणारच की. जायकवाडीचे दरवाजे बंद असले की पैठणच्या खाली गोदावरी कोरडी दिसते, म्हणून धरण रिकामं आहे म्हणशील का? तोच माल रक्तात मोजला असता तर कदाचित जास्त निघाला असता. संशोधनवाल्यांना पण ह्याचा लई ताप होतो म्हणे, कमी किडनीवाल्या लोकांच्या लघवीत केमिकल कमी दिसतं अन वरवर बघणाऱ्याला वाटतं की ह्यांचा त्या केमिकलशी संबंधच कमी आलाय.

धडधाकट किडन्या दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटर फक्त लघवी होऊन जातं, बाकी सगळं परत आत. खरी गंमत त्या 'परत आत' मध्ये आहे. बीपीएसारखी वस्तू लिव्हर पाण्यात विरघळेल अशी करून देतं अन किडनी ती काही तासात फेकून देते, म्हणजे तुझ्या त्या महागड्या टेस्टनं काय सांगितलं तर अण्णांनी काल-परवा काय खाल्लं-प्यालं एवढंच. पण नॉनस्टिक अन वॉटरप्रूफ कापडाच्या धंद्यातली जी पीफास नावाची केमिकलं आहेत ती गाळली गेली तरी किडनीच्या नळ्या परत ओढून घेतात, म्हणून त्यातली काही वर्षानुवर्षं रक्तात फिरत राहतात. अन कॅडमियम तर किडनीतच घर करतं, १०-१० वर्षं, कधी त्याहून जास्त. हे अण्णांसाठी मुद्दाम लिहायलोय कारण तंबाखूच्या पानात कॅडमियम असतं, अन त्यांची चुन्याची डबी काय खिशातून निघत नाही. कॅडमियमचं अजून एक उलटं आहे, नळ्या खराब व्हायला लागल्या की ते लघवीत गळायला लागतं अन आकडा वाढतो. म्हणजे कमी आला तरी खूश होऊ नये, जास्त आला तरी नुसतं बाहेरून आलं म्हणू नये, क्रिएटिनिन शेजारी ठेवल्याशिवाय ह्या आकड्यांना काडीचा अर्थ नाही.

तू त्यांना रोज पाच लिटर पाणी पाजायलास म्हणे, "फ्लश" करायला. अरे, पाणी जास्त पाजल्यानं गाळणी जोरात चालत नाही, लघवी पातळ होते फक्त, अन पातळ लघवीत सगळंच कमी दिसतं! सॅम्पल दिलं त्या सकाळी पण तांब्याभर पाजलं असशील तर बोलायलाच नको. उन्हात रानात असले तर पाणी पाहिजेच, त्यात वाद नाही, मध्य अमेरिकेत निकाराग्वा-एल साल्वाडोरकडं ऊस तोडणाऱ्या तरण्या पोरांच्या किडन्या गेल्यात अन त्यात उन्हात राबणं अन पाणी कमी पडणं हे मोठं कारण धरतात. आपल्या बीडकडच्या टोळ्या बघितल्या की मला तेच आठवतं. पण घरात बसलेल्या कमी किडनीच्या माणसाला बळजबरी पाच लिटर म्हणजे सूज यायची, रक्तातलं सोडियम (मीठ) खाली जायचं. किती प्यायचं ते डॉक्टरला ठरवू दे. अन ती डिटॉक्स पावडर फेकून दे. कमरखाचा (स्टार फ्रूटचा) ज्यूस तर अजिबात नको, कमी किडनीवाल्याला ते फळ विष आहे, डोक्यावर परिणाम होतो, झटके येतात.

मला खरी काळजी दोन गोष्टींची आहे. एक तर गुडघ्याच्या गोळ्या. मेडिकलवरून न विचारता आणतात ना ते, डायक्लोफेनॅक का काय? ती गोळी किडनीत येणारं रक्तच कमी करते. आपल्याकडची गिधाडं ह्याच औषधानं गेली, जनावरांना टोचलेलं मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं अन किडन्या बंद पडल्या, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली ती त्यामुळंच. माणूस गिधाडाएवढा नाजूक नाही, पण ३८ वाल्यानं असल्या गोळ्यांच्या नादी लागू नये.

दुसरं बोअरचं पाणी. आपल्याकडं जितकं खोल जावं तितकं फ्लोराइडचं भ्या, किनवटकडं तर डागाळलेल्या दातावरून गाव ओळखू येतं. पोटात गेलेल्या फ्लोराइडमधलं निम्म्याच्या आसपास चांगली किडनी बाहेर टाकते, बाकीचं हाडात बसतं. किडनी कमी झाली की हाडाचा वाटा वाढतो, म्हणजे शेजाऱ्याला चालतंय ते पाणी अण्णांना चालेलच असं नाही. लिटरभर पाण्यात १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, हा सगळ्यांसाठीचा नियम. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं, आरओनं जातं. तुझ्या पॅकेजमध्ये नेमकं हेच नव्हतं बघ, ज्याची गरज त्याची टेस्ट नाही.

अन फवारणीचा पंप त्यांच्या पाठीवरून उतरव बाबा, गडी लाव. पॅराक्वाट नावाचं एक तणनाशक आहे, ते शरीरातून निघतं किडनीवाटे अन फुप्फुसासोबत मारतं किडनीला पण, म्हणजे निघायचा रस्ता ते स्वतःच बंद करतं. आधीच अर्धा रस्ता बंद असलेल्या माणसानं कशाला त्याच्या जवळ जायचं.

आता एवढं कर. क्रिएटिनिन पुन्हा करू, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून प्रोटीन गळतंय का ते कळतं), शुगर, बीपी. ही साधी टेस्ट आहे, तुझ्या पॅकेजच्या पावशेर पैशात होईल. परत जास्तच आलं तर किडनीच्या डॉक्टरकडं जाऊ, मी येतो सोबत, नांदेडला जायचं का संभाजीनगरला ते बघू. येताना गोळ्यांची सगळी पाकिटं आण, रिकामी पण, अन बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आण. काकूंचं पण रक्त काढून घेऊ, त्या पण त्याच बोअरचं पितात अन त्यांना कोणी विचारतच नाही.

तुझाच,
ल्याबवाला