काढलेली गाठ फेकू नका, तपासायला पाठवा

मा. संपादक,
स. न.

इचलकरंजीत माझे सोळा यंत्रमाग आहेत. 2019 साली उजव्या खांद्यावर सुपारीएवढी कडक, तांबूस गाठ आली. दुखत नव्हती. एका डॉक्टरांनी ‘चरबीची गाठ’ म्हणून जागेपुरती भूल देऊन वीस मिनिटांत काढली. ट्रेमध्ये पडलेला तुकडा मी डोळ्यांनी पाहिला, पण तो तपासणीला गेलाच नाही. मीही विचारलं नाही. अडीच वर्षांत त्याच टाक्यांच्या व्रणाखाली पुन्हा गाठ, या वेळी लिंबाएवढी.

दुसऱ्यांदा पुण्यात बायोप्सी झाली. निदान : डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, त्वचेच्या आतल्या थरातला दुर्मीळ कर्करोग. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला माझीच स्लाईड दाखवली. आयुष्यभर भिंगाखाली कापडाचे धागे मोजणाऱ्या माणसाला ते चित्र विसरता येत नाही. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, अगदी आमच्या धोट्यासारख्या (मागात आडवा धागा नेणाऱ्या नळीसारख्या) पेशी, एकेका बिंदूभोवती वळत चटईसारख्या विणलेल्या. दिसायला इतक्या साध्या, की निरुपद्रवी गाठ समजावी. मग बाईंनी स्लाईड खाली सरकवली. चरबीच्या पांढऱ्या गोल पेशींच्या फटीफटीतून त्याच पेशींचे बारीक तंतू शिरले होते. सगळं मधाच्या पोळ्यासारखं दिसत होतं. हाताला लागते ती गाठ, हे तंतू हाताला लागत नाहीत. वरवर काढली की ते मागे राहतात आणि गाठ पुन्हा उगवते. हा रोग दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी मुळं धरतो. सीडी34 या रंगचाचणीत त्या पेशी तपकिरी उमटल्या आणि निदान पक्कं झालं.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची तीन सेंटिमीटर कातडी आणि खाली स्नायूवरच्या पडद्यापर्यंतचं सगळं काढावं लागलं. मांडीची कातडी खांद्यावर लावली. तपासताना वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून काढलेल्या तुकड्याला एका टोकाला दोऱ्याची खूण बांधली होती. ‘सर्व कडा मोकळ्या’, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडांना रोगाच्या पेशी नाहीत, हे शब्द रिपोर्टवर वाचेपर्यंत माझी पत्नी नीट जेवली नव्हती.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे : काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी वाटो, फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) घालून तपासणीला पाठवा आणि तसं कागदावर लिहा. रुग्णांनीही रिपोर्ट मागून घ्यावा, ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाईड कुठे आहेत ते विचारून ठेवावं. पुढे गरज पडली तर दुसऱ्या डॉक्टरांना तेच दाखवता येतं. तपासणीचे पैसे मला दुसऱ्या शस्त्रक्रियेपुढे काहीच वाटले नसते.

गेल्या महिन्यात माझ्याकडे कांड्या भरणाऱ्या मावशींच्या पाठीवरची गाठ काढली. डबी घेऊन मी स्वतः लॅबमध्ये गेलो. आठवड्याने रिपोर्ट आला : साधी चरबीची गाठ. मावशी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या.

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी