पूरक प्रश्नाची धार

महोदय,

२०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता. जून २०२४ मध्ये राहुल गांधी यांच्याकडे ते पद आले, हे बरेच झाले. मात्र सरकारची खरी कोंडी होते ती तारांकित प्रश्नावरील (ज्याचे उत्तर तोंडी दिले जाते अशा प्रश्नावरील) नेमक्या पूरक प्रश्नाने, म्हणजे त्या उत्तरावर लगेच विचारलेल्या उपप्रश्नाने, कारण त्याचेही उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभे राहून तोंडी द्यावे लागते. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्या अभ्यासू संसदपटूंना लोकसभेवर निवडून देणाऱ्या राजापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. वर्षानुवर्षे रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या मुदती कोणाच्या संमतीने वाढत गेल्या, एवढे जरी विरोधी पक्षनेत्याने सभात्याग न करता, उत्तर मिळेपर्यंत विचारले, तरी पावसाळ्यात खड्डे चुकवत गावी येणारे चाकरमानी त्यांना दुवा देतील.

– एक वाचक, राजापूर