अण्णांना समक्ष हजर राहता येणार नाही, साहेब

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

खात्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. माझा अर्ज नेमका कोणत्या खात्याचा, हेच गेले सात महिने ठरत नाहीये, तर मी कशाला आगाऊपणा करू?

गेल्या मंगळवारी तुमच्या हाताखालच्या एका कार्यालयाचं उत्तर आलं. पाकिटावर माझ्या वडिलांचं नाव. आत दोन ओळी: खातरजमेसाठी अर्जदाराने मूळ ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे. अर्जदार मी आहे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, १९८९ साली वारले. अर्जाच्या पहिल्याच वाक्यात ते लिहिलं होतं, मृत्यूचा दाखलाही जोडला होता, साक्षांकित करून. सोलापूरहून मुंबईला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे. अण्णांचं रिझर्वेशन कोणत्या कोट्यातून करायचं, तेवढं कळवा.

मागितलं काय होतं? एका पत्राची नक्कल.

१९६३ साली सोलापूरची 'जुनी मिल', म्हणजे कापडाची गिरणी, बंद पडली. १८७७ पासून चाललेली मिल. अण्णा साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. आमच्या चाळीत घड्याळ एकाच घरात होतं, पण कोणाचं अडत नव्हतं. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेला निघायची. भोंगा थांबला तरी आई पुढे कितीतरी दिवस त्याच वेळेला उठून अंधारात नुसती बसून राहायची. मग तिने विड्या वळायला घेतल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, संध्याकाळपर्यंत मान वर नाही. माझ्या वह्या-पुस्तकांना दहावीपर्यंत तंबाखूचा वास होता.

त्या दिवसांत अण्णांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिलं. सातवी पास माणूस. चार पानं, मराठीत, निळ्या शाईने, तीन रात्री कंदिलाशी बसून. चाळीतले तेलुगू शेजारी येऊन सांगायचे, आमचंही घाला. मग कोणाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाची उधारी दुकानदाराने बंद केली, कोणी भांडी विकून गाव गाठलं, सगळं त्यात गेलं. मी दहा वर्षांचा होतो, शाईची दौत धरून बसायचो. पाकिटावर पत्ता एवढाच: पंडित जवाहरलाल नेहरू, दिल्ली. पोचलं की हो ते! महिन्या-दीड महिन्याने पत्र मिळाल्याचं छापील कार्ड आलं, इंग्रजीत. अण्णांनी ते काचेत घालून सिद्धेश्वराच्या तसबिरीशेजारी टांगलं. मिल काही उघडली नाही. पुढच्या वर्षी २७ मेला नेहरू गेले, तेव्हा अण्णांनी विचारलं, "आता आपल्या कागदाचं काय होणार रे?" आम्ही भावंडं हसलो होतो.

आता मी बहात्तरचा आहे आणि तोच प्रश्न घेऊन तुमच्या दारात उभा आहे.

मी स्वतःहून आलो नाही, तुम्ही बोलावलंत. दोन वर्षांमागे तुम्ही सोलापुरात आला होतात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातलेत आणि भाषणात सांगितलंत, की जनतेने देशाच्या नेत्यांना लिहिलेली जुनी पत्रं शोधून संगणकावर आणू, ज्याची त्याला घरबसल्या पाहता येतील. मी उन्हात उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या परत द्या.

मला कारभार कळत नाही असं समजू नका. एकतीस वर्षं मी सरकारी आवक-जावकला काढली. कागद कसा मरतो ते मला माहीत आहे. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग तीस वर्षं, आणि 'ड' वर्ग वर्षभरात रद्दीत. आता सांगा, म्हातारीचं पोस्टकार्ड कोणत्या वर्गात पडत असेल? मीच टाकलेली आहेत साहेब, या हाताने. शिक्का, नंबर, गठ्ठा. "माझ्या पोराला नोकरी लावा", "विहिरीचं बघा", "नवरा टाकून गेला". साहेबांच्या दौऱ्याचा कार्यक्रम मात्र फायलीत जपून. हे पाप माझंही आहे, म्हणूनच जास्त झोंबतं.

गांधीजींचं बघा. ते कोणत्या सरकारात नव्हते. तरी लोकांनी त्यांना लिहिलेली पत्रं आश्रमांत, संग्रहालयांत आजही आहेत; "महात्मा गांधी, जिथे असतील तिथे" एवढ्या पत्त्यावर पोचलेली पाकिटंसुद्धा. आणि ते स्वतः लोकांना कार्डावर, पाकिटाच्या कोऱ्या पाठीवर उत्तरं लिहायचे, उजवा हात दुखला की डाव्याने. त्यांच्या लिखाणाचे इंग्रजीत शंभर खंड झाले. त्यातली ढीगभर पत्रं आली कुठून? साध्या माणसांच्या घरांतून. बापूंचं दोन ओळींचं कार्ड लोकांनी ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत जपलं. जनतेने पुढाऱ्याचा कागद जपला. पुढाऱ्यांनी जनतेचा जपला का, याचं उत्तर मला सात महिन्यांत मिळत नाही.

इंग्रजांचं तर काय सांगावं. मे १९३० मध्ये याच सोलापुरात त्यांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. लोकांची पत्रं ते चोरून फोडायचे. पण फोडून वाचायचे तरी! नक्कल काढून फायलीला लावायचे. पुढे आपल्याच सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचे खंड छापले, ते असल्या जुन्या सरकारी दप्तरांतून. शत्रूला आमच्या अक्षराची भीती होती म्हणून ते टिकलं. आपल्या माणसांना ना भीती, ना किंमत.

आणि दिल्लीत काय चाललंय? नेहरूंच्या कागदपत्रांची ५१ खोकी २००८ साली संग्रहालयातून गेली, ती परत आणा म्हणून दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसलेत. आइन्स्टाइन, एडविना माउंटबॅटन बाई, जयप्रकाश नारायण यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारावर भांडण. भांडा बापडे. साचे खात्यातल्या कामगाराचं पत्र कुठल्या खोक्यात, असं अजून एकाही पुढाऱ्याने विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

नातवाने मोबाइलवर अमेरिकेचं दाखवलं. रूझवेल्ट अध्यक्ष असताना मंदीत होरपळलेल्या लोकांनी त्यांना पत्रांचा पाऊस पाडला. पोरं त्यांच्या बायकोला लिहून जुने कपडे, बूट मागायची. ती पत्रं तिकडे हाइड पार्क गावच्या रूझवेल्ट ग्रंथालयात आहेत, लोक जाऊन वाचतात, पुस्तकं लिहितात. नातू म्हणाला, "आजोबा, त्यांच्याकडे पैसा आहे." अरे, पैसा कशाला लागतो? एक कोरडी खोली, दप्तर ठेवायचे चार घोडे, म्हणजे मांडण्या, आणि वाळवीचं औषध. एवढं तर माझ्या अभिलेख कक्षातही मागून मागून थकलो होतो.

आता तर कागदच नको म्हणतात. पोर्टलवर टाका. टाकलं. तिसऱ्या दिवशी मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी काढली, कशी काढली, सिद्धेश्वर जाणे. पाण्याचंही तेच. उजनी धरण भरलं तरी आमच्या नळाला पाणी काही दिवसांआडच, आणि मेसेज मात्र रोज. शेजारीण म्हणते, मेसेज प्यायला येत असता तर बरं झालं असतं. भरकटलो. पण भरकटू नको तर काय करू? पत्र हरवणं आणि पाणी न येणं हे मला एकाच टेबलावरचं काम वाटायला लागलंय.

माझा सात महिन्यांचा हिशेब: रजिस्टर टपाल, झेरॉक्स, नोटरी, मुंबईच्या दोन खेपा धरून चार हजारांच्या वर. नक्की आकडा सांगत नाही, दोन पावत्या सापडत नाहीत. माझीही अभिलेख व्यवस्था तुमच्यासारखीच व्हायला लागली आहे. तेवढ्या पैशात पन्नास पैशाची आठ हजार पोस्टकार्डं आली असती. रोज एक धाडलं असतं तरी माझ्या हयातीत संपली नसती.

पत्र असेल तर नक्कल द्या. मराठीत होतं म्हणून दिल्लीत कोणाला वाचता आलं नसेल, तर मी येऊन वाचून दाखवतो. नसेल तर "नष्ट केले" असं स्पष्ट लिहा. कोणत्या सालात, कोणाच्या आदेशाने, तेही लिहा. मी चिडणार नाही. नष्ट करण्याच्या यादीवर मीही सह्या केल्या आहेत, मला ती भाषा समजते. पण "समक्ष हजर राहावे" असं पुन्हा अण्णांना लिहू नका.

आपला,
एक निवृत्त आवक-जावक कारकून,
सोलापूर

सोबत: १९६३ च्या छापील कार्डाची झेरॉक्स. मूळ कार्ड मिळणार नाही.