देवयानी खडकाला नव्हे, विहिरीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत देवयानी दीर्घिकेवर, म्हणजे इंग्रजीतल्या अँड्रोमेडा गॅलक्सीवर, पानभर मजकूर आला. विषय माझ्या आवडीचा, म्हणून दाढी अर्धवट ठेवून वाचायला बसलो. दुसऱ्या स्तंभाच्या अकराव्या ओळीवर अडकलो. तिथे छापलं आहे : 'सौंदर्याची बढाई मारणाऱ्या आई शर्मिष्ठेच्या चुकीमुळे देवयानीला समुद्राकाठच्या खडकाला साखळदंडांनी बांधण्यात आले.' पुढे ययाती येतो, समुद्रातला राक्षस मारतो आणि तिला सोडवतो.

मी नागपुरातल्या एका छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासली. सुरुवातीची वर्षं छपाईच्या खिळ्यांची, नंतरची संगणकाची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी लाल पेन खिशातच असतो. तो बाहेर निघालेला पाहून आमच्या हिने विचारलं, "आता याचे कोणी पैसे देऊन राहिलं का तुम्हाला?" नाही देत. पण शर्मिष्ठा देवयानीची आई? अहो, ती तिची सवत! सवतीला आई करणारी चूक माझ्या हातून फर्म्यावर चढली असती तर मालकांनी मला त्या दिवशीच घरी बसवलं असतं.

चूक कुठून आली असेल याचा अंदाज करता येतो. मराठी तारकापुस्तकांत एक तक्ता असतो. अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, पर्सियस म्हणजे ययाती, सीफियस म्हणजे वृषपर्वा. आपल्या लेखकाने गोष्ट इंग्रजीतून घेतली आणि नावं तक्त्यातून. संगणकात एक शब्द काढून सगळीकडे दुसरा बसवायची सोय असते, ती वापरलेली दिसते. त्या तक्त्याने आकाशातल्या जागा तेवढ्या वाटून दिल्या आहेत, त्यातून नाती काढायची नसतात.

ग्रीकांची गोष्ट थोडक्यात सांगतो. सीफियस इथिओपियाचा राजा, कॅसिओपिया त्याची राणी. समुद्रकन्यांहून आपण देखण्या, असं राणी बोलून बसली. समुद्रदेव पोसायडन चिडला आणि त्याने किनाऱ्यावर जलराक्षस सोडला. मुलीचा बळी दिल्याशिवाय सुटका नाही, असा कौल मिळाला. म्हणून अँड्रोमेडा खडकाला बांधली गेली. मेड्यूसा नावाच्या राक्षसिणीचं डोकं कापून परत निघालेल्या पर्सियसने तिला पाहिलं, राक्षस मारला आणि तिच्याशी लग्न केलं.

आमची गोष्ट इतकी सरळ नाही. महाभारताच्या आदिपर्वात वृषपर्वा असुरांचा राजा आणि शुक्राचार्य त्याचे गुरू. राजाची मुलगी शर्मिष्ठा, गुरूंची देवयानी. दोघी मैत्रिणींसोबत पाण्यात उतरल्या असताना वाऱ्याने काठावरची वस्त्रं एकमेकांत मिसळली. वारा कसला, तो इंद्रच होता. शर्मिष्ठेने गडबडीत देवयानीचं वस्त्र नेसलं आणि भांडण पेटलं. 'तुझा बाप माझ्या बापाची स्तुती करून जगतो' इथपर्यंत शब्द गेले आणि शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं. मेली असं समजून ती घरी निघूनही गेली. शिकारीला आलेला ययाती तहानेने व्याकूळ होऊन त्या विहिरीपाशी पोचला. विहीर कोरडी, वेलींनी झाकलेली. आत डोकावला तर पाण्याऐवजी मुलगी दिसली, आणि व्यासांनी तिला उपमा दिली आहे ती अग्नीच्या ज्वाळेची. त्याने तिचा उजवा हात धरून तिला वर काढलं. नंतर याच हाताचा हिशेब तिने त्याच्यापुढे मांडला : तू धरलेला हात आता दुसरा कोण धरणार?

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. राजकन्या शर्मिष्ठा दासी होऊन देवयानीच्या मागे गेली, देवयानीच्या नकळत तिला ययातीपासून तीन मुलगे झाले आणि सासऱ्याने जावयाला म्हातारपणाचा शाप दिला. तो सासराही आकाशात आहे, शुक्राची चांदणी होऊन. या भांडणात कालिदास कुणाच्या बाजूने होता तेही सांगून टाकतो. शाकुंतलात कण्वमुनी मुलीला निरोप देताना म्हणतात, 'ययातेरिव शर्मिष्ठा भर्तुर्बहुमता भव'. नवऱ्याची लाडकी हो, पण शर्मिष्ठेसारखी. देवयानीचं नावसुद्धा काढत नाहीत. ज्या जिल्ह्यात रामटेकला कालिदासाच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिथल्या पुरवणीत शर्मिष्ठेची अशी फसगत होऊ नये.

तिच्याबद्दल आणखी एक. गर्वाची शिक्षा म्हणून कॅसिओपियाला खुर्चीसकट ध्रुवाभोवती फिरत ठेवलं आणि त्या फेऱ्यात ती काही काळ डोकं खाली, पाय वर अशी लटकते, असं ग्रीक कथा सांगते. ग्रीसमधून ते दिसतंही. नागपूर पडलं २१ अंश अक्षांशावर, इथे ध्रुव क्षितिजापासून फार वर नाही. ती उलटी होते तेव्हा आमच्यासाठी क्षितिजाखाली गेलेली असते. आमच्या शर्मिष्ठेची बेअब्रू आम्हाला दिसत नाही, हे बरंच आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. प्रतापनगरातल्या आमच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका दिसत नाही. समोर मंगल कार्यालय आहे आणि लग्नसराईत त्याचे दिवे ढगांनाही रंगवतात. म्हणून कार्तिक अमावस्येच्या सुमारास नातवाला घेऊन काटोलकडे साडूंच्या संत्र्याच्या बागेत गेलो. रात्री नऊला दीर्घिका डोक्यावर, माथ्यापासून वीसेक अंश उत्तरेला असते. भाद्रपदांचा मोठा चौकोन धरायचा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा देवयानीचाच. तिथून तिच्या ओळीने पुढच्या ठळक ताऱ्यापर्यंत जायचं आणि शर्मिष्ठेच्या बाजूला वळायचं. दोन मंद तारे ओलांडले की एक धुरकट, लांबट डाग. थेट बघितला तर विरतो, नजर जरा बाजूला ठेवली की उमटतो. प्रुफातल्या चुकाही मला अशाच सापडायच्या, पण ते असो.

बागेचा सालदार शेकोटीपाशी बसला होता. त्यालाही दाखवलं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "काकाजी, थो ढगाचा तुकडा दिसून राह्यला. पण मंग सरकून काऊन नाही राह्यला?"

इराणमधल्या अल-सूफीने इ. स. ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात या डागाला लहानसा ढगच म्हटलं आहे. अरबांच्या आकाशात तिथे एक मोठा मासा होता आणि ढग त्याच्या तोंडापाशी. सालदाराने अल-सूफी वाचलेला नाही. तो ढग सरकत का नाही, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मात्र १९२३ साल उजाडावं लागलं.

मधे १६१२ मध्ये जर्मनीतल्या सायमन मारियसने दुर्बिणीतून पाहून लिहून ठेवलं, की शिंगाच्या पातळ पापुद्र्याआड रात्री मेणबत्ती जळावी तसं काहीसं दिसतं. अंधाऱ्या विहिरीतली अग्निज्वाळा आणि शिंगाआडची मेणबत्ती! मारियसला देवयानी माहीत असण्याचं कारण नाही. बागेतल्या विहिरीच्या कठड्यावर बसून हे नातवाला सांगत होतो, तेव्हाच 'दीर्घिका' या शब्दाकडे माझं लक्ष गेलं. गॅलक्सीला आपण दीर्घिका म्हणतो. शाळेत अमरकोश घोकलेला, त्यात आहे : 'वापी तु दीर्घिका'. वापी म्हणजे पायऱ्यांची विहीर! व्यासांच्या कोरड्या कूपाला पायऱ्या नव्हत्या हे कबूल, असत्या तर ययातीची गरज काय होती. तरीही 'देवयानी दीर्घिका' या दोन शब्दांत मुलगी पुन्हा विहिरीत जाऊन बसली आहे. आणि आपण तिला तिथून काढून खडकाला बांधता.

१९२३ ची गोष्ट माझ्या धंद्याची आहे, म्हणून जरा सविस्तर. तोवर हा डाग आपल्याच आकाशगंगेतला तेजोमेघ की बाहेरचं स्वतंत्र तारकाविश्व, यावर विद्वानांत वाद होता. ५ ऑक्टोबरच्या रात्री कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १०० इंची दुर्बिणीतून त्याचा काचेवर फोटो घेतला. त्यावर तीन ठिकाणी शाईने 'एन' अशी खूण केली, म्हणजे नोव्हा, नवतारा. मग जुन्या काचांशी ताडून पाहिलं. त्यातला एक तारा नवा नव्हताच, तो ठरावीक काळाने मंद-तेज होत होता. हबलने तिथला 'एन' काटला आणि बाजूला रूपविकारी ताऱ्यासाठीची इंग्रजी अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं. एक अक्षर काटून समासात दुरुस्ती, आम्ही रोज करायचो तशीच. या दुरुस्तीने मात्र विश्वच मोठं झालं.

कारण हार्वर्डमध्ये काचेच्या पट्ट्यांवरचे ताऱ्यांचे ठिपके तपासायच्या नोकरीवर असलेल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं, की अशा ताऱ्याचा आवर्तनकाळ कळला की त्याचं खरं तेज कळतं, आणि तेजावरून अंतर. (या बाईंबद्दल मला विशेष माया आहे. त्याही आमच्यातल्याच, दुसऱ्यांनी काढलेलं तपासणाऱ्या.) हबलच्या ताऱ्याचा काळ निघाला सुमारे ३१ दिवस, अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. त्या वेळच्या मोठ्यात मोठ्या अंदाजानेही आपली आकाशगंगा ३ लाखांची. म्हणजे देवयानी बाहेरची. तो मोठा अंदाज खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांचा होता. हबलचं पत्र आलं तेव्हा 'या पत्राने माझं विश्व उद्ध्वस्त केलं' असं ते म्हणाले, ही आठवण खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी सांगितली आहे. माझ्या पत्राची तेवढी अपेक्षा नाही.

दुरुस्तीलाही दुसरं प्रूफ लागलं. असे तारे दोन प्रकारचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये सांगितलं आणि अंतर एकदम दुप्पट झालं. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. आपण छापलंय '२५ लाख किलोमीटर'. चंद्र पावणेचार लाखांवर आहे. आपल्या हिशेबाने देवयानी चंद्राच्या साडेसहापट अंतरावर आली, म्हणजे काटोलच्या थोडी पुढे. एक प्रकाशवर्ष सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरचं असतं.

मजकुराशेजारच्या चित्राचंही बोललं पाहिजे. ओळ आहे 'देवयानीला सोडवताना ययाती'. ते इटालियन चित्रकार टिशियनचं चित्र आहे, १५५० च्या दशकात स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजासाठी काढलेलं. डावीकडे साखळीतली अँड्रोमेडा, वरून उलटा झेपावणारा पर्सियस. सुंदर आहे, पण त्यात जुनी चूक आहे आणि ती आपली नाही. अँड्रोमेडा इथिओपियाची. रोमन कवी ओव्हिडने एके ठिकाणी ती आपल्या देशाच्या रंगाने सावळी असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्याच दुसऱ्या काव्यात पर्सियसला ती संगमरवरी पुतळा वाटते. केस वाऱ्याने हलतात आणि डोळे वाहतात म्हणून जिवंत कळते. युरोपच्या चित्रकारांनी संगमरवर तेवढा उचलला, सावळा रंग वाचलाच नाही. शतकानुशतकं गोऱ्या अँड्रोमेडा रंगवत राहिले. रेम्ब्रांटने १६३० च्या आसपास काढलेली मला त्यातल्या त्यात पटते. तीही गोरीच, पण चित्र जेमतेम फूलस्केप कागदाएवढं, त्यात पर्सियस नाही, राक्षस नाही, नुसती भ्यालेली एक साधी पोर. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. नातवाने मोबाइलवर दाखवलं.

एक विनंती. या भानगडीमुळे पुढच्या वेळी 'देवयानी' काढून सरसकट 'अँड्रोमेडा' छापू नये. आकाशातलं नाव देवयानीच राहू द्या, गोष्ट सांगायची तर तिची सांगा. ग्रीक गोष्ट सांगायची तर ग्रीक नावांनी. दोन्हींना पुरेल एवढी जागा पुरवणीत आहे, अर्ध्या पानावर तर पंख्याची जाहिरात होती.

शुद्धिपत्र मीच तयार करून देतो, पुढच्या रविवारी कोपऱ्यात छापावं. स्तंभ २, ओळ ११ : 'आई शर्मिष्ठेच्या' ऐवजी 'आई कॅसिओपियाच्या', 'देवयानीला' ऐवजी 'अँड्रोमेडाला'; पुढे ययातीच्या जागी पर्सियस. चित्राखालची ओळ : 'अँड्रोमेडाला सोडवताना पर्सियस'. स्तंभ ३ : 'किलोमीटर' ऐवजी 'प्रकाशवर्षे'. स्तंभ ४, शेवटची ओळ : 'ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळणारच आहे'. जून २०२५ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी नवीन मोजमापांवरून गणित मांडलं, त्यात येत्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता जवळपास निम्मीच निघाली. म्हणून 'आदळणारच आहे' ऐवजी 'आदळण्याची शक्यता आहे' असे वाचावे.

'ययाती' मात्र दीर्घ छापला आहे. बरोबर आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
प्रतापनगर, नागपूर