शिवाजी मंदिरात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्या ओळखीतल्या कुणी वाचलं तर ते तुमच्यापर्यंत नक्की पोचवतील.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चारच्या प्रयोगाला, दादरच्या शिवाजी मंदिरात तुम्ही आमच्या डावीकडे बसला होतात. फिकट जांभळी सुती साडी, बारीक कापलेले पांढरे केस आणि कानामागे ऐकण्याचं मशीन. माझ्या आईला तुम्ही तुमच्या पर्समधला सेल काढून दिलात. गडबडीत मी 'थँक्यू' म्हणाले असेन, पण तेवढ्यावर भागण्यासारखी ती गोष्ट नव्हती. त्या दुपारी तुमच्या हातून नेमकं काय झालं, ते तुम्हाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही सांगलीच्या. मी नर्स आहे. आमच्याकडे रविवारचा ऑफ मिळणं म्हणजे ड्युटी लावणाऱ्या सिस्टरांना महिनाभर आधी सांगून ठेवायचं आणि मैत्रिणीच्या दोन नाइट आपल्या अंगावर घ्यायच्या. तसा तो ऑफ मी मिळवला होता. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, रविवार मुंबईत काढायचा, रात्री परतीची महालक्ष्मी आणि सोमवारी दुपारच्या शिफ्टला हजर. हे सगळं आईसाठी होतं.

आई ७४ वर्षांची आहे. १९७०च्या दशकात ती आमच्याकडच्या एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर होती. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना विंगेत उभी राहून वाक्यं पुरवायची. रंगमंचावर ती कधी आलीच नाही, तिला तशी हौसही नव्हती. पण नटाचा श्वास कुठे अडकतो, मुद्दाम घेतलेला पॉझ कुठला आणि विसरल्याचा कुठला, हे तिला वही न बघता कळायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आमच्या गावात पहिला प्रयोग केला, हे ती आजही घरच्या माणसाचं कौतुक सांगावं तसं सांगते.

अशा बाईचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी गेले, म्हणजे स, श, फ, त. कुणीतरी बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते नाही. मशीन घेतलं, एकाच कानाला. दुसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू असं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी तिला भावे नाट्यमंदिरात नेलं होतं, तर मध्यंतरातच "डोकं दुखतंय, घरी जाऊ" म्हणाली. मागच्या रांगेतली वेफर्सची पिशवी तिला नटापेक्षा मोठ्याने ऐकू येत होती. त्यानंतर तिने नाटकाचं नाव काढलं नाही. मी मशीन परत ट्यून करून आणलं, महिनाभर घरी रेडिओवर सराव करून घेतला आणि मग शिवाजी मंदिरची दोन तिकिटं काढली. जिथे प्रयोग लागला की नाटक 'लागलं' असं तिच्या पिढीची माणसं म्हणायची, ते १९६५ सालचं नाट्यगृह तिने फक्त वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत पाहिलं होतं.

सकाळ फार छान गेली. सीएसएमटीला उतरून वेटिंग रूममध्ये आवरलं, बॅग क्लोकरूममध्ये टाकली आणि लोकलने भायखळ्याला गेलो. राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. काचेपलीकडे पाण्याखाली ते सूरकन निघाले की आई दर वेळी माझा दंड धरायची. जवळच, म्युझियमच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, तोही पाहिला. मेगाब्लॉकमुळे गाड्यांना गर्दी होती, पण एका मुलीने उठून आईला जागा दिली. दादरला थालीपीठ आणि पियूष घेतलं आणि प्लाझा सिनेमाच्या समोर, शिवाजी मंदिरापाशी येऊन उभ्या राहिलो. आई रस्त्यावरूनच नाटकांचे बोर्ड वाचत होती, एकेक अक्षर. पायऱ्या सावकाश चढलो. आपल्या खुर्च्यांवर येऊन बसलो. पडद्यामागून धुपाचा वास आला आणि आईने डोळे मिटून घेतले.

आणि पहिल्या घंटेला मशीन बंद पडलं.

या सेलचं तसंच असतं, हे तुम्हाला सांगायला नको. कमी कमी होत जात नाहीत. शेवटपर्यंत नीट चालतात, एक-दोनदा बीप वाजतो आणि संपतात. जास्तीची पट्टी मी घरून आठवणीने घेतली होती, पण ती क्लोकरूममधल्या बॅगेत होती. मोठी पर्स नको म्हणून सकाळी मीच सामान वेगळं केलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असू दे गं. मी नुसती बघेन." काकू, तिचं ते "नुसती बघेन" माझ्या कायम लक्षात राहील. खाली जाऊन रविवारी चार वाजता मेडिकल शोधायचं, तिथे हा सेल मिळेल याची खात्री नाही, आणि तोवर पडदा उघडलेला असणार. माझे हातपाय गार पडले.

दुसऱ्या घंटेला तुमचा हात पुढे आला. माझ्या तळव्यावर मशीन होतं, सेलचं झाकण उघडं. तुम्ही वाकून पाहिलंत आणि विचारलंत, "तेरा नंबर ना? केशरी स्टिकर?" मी मान हलवली. तुम्ही पर्सच्या आतल्या कप्प्यातून सहा सेलची अख्खी पट्टी काढलीत. मी घाईघाईने स्टिकर ओढून सेल आत ढकलायला लागले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांबा. मिनिटभर हवा लागू दे तिला. हवेवर चालते ती. लगेच कोंडलीत तर लवकर मरेल."

मी नर्स असून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मशीन विकणाऱ्यांनीही नाही. आईचे सेल चार-पाच दिवसांतच का संपतात, हे कोडं मला त्या क्षणी सुटलं.

ते एक मिनिट आपण तिघी त्या वाटाण्याएवढ्या सेलकडे बघत बसलो. "रसिक प्रेक्षकांना नम्र विनंती" सुरू झालं, दिवे मंदावले. आता मला दिसेना. तेव्हा तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावलात आणि आजूबाजूच्यांना उजेड लागू नये म्हणून त्यावर पदर धरलात. जांभळ्या कापडातून झिरपलेला, रुपयाएवढा उजेड. त्यात मी सेल बसवला, झाकण लावलं, मशीन आईच्या कानात घातलं. तिसरी घंटा झाली. आई दचकली. तिला ती ऐकू आली होती.

नाटक बाप-लेकीचं होतं, तुम्हाला आठवतच असेल. दुसऱ्या अंकात तो बाप वाक्य अर्धवट सोडून खिडकीकडे जातो आणि बराच वेळ गप्प उभा राहतो. तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर आली होती, दोन्ही मुठी मांडीवर घट्ट, श्वास रोखलेला. त्याने पुढचं वाक्य उचललं तसा तिने श्वास सोडला आणि मला म्हणाली, "विसरला नव्हता. मुद्दाम थांबला." किती वर्षांनी ती असं काही बोलली, मला मोजता येणार नाही. मी अंधारात रडून घेतलं.

मध्यंतरात मी चहा आणि बटाटेवडे आणायला गेले, तेव्हा तुमच्या दोघींचं काय बोलणं झालं ते आईने मला सांगितलेलं नाही. "आमचं आमचं होतं," म्हणते. एवढंच सांगितलं की उरलेले पाच सेल तुम्ही परत घेतले नाहीत. "मला दादरात मिळतात, तुम्हाला प्रवासात लागतील," म्हणालात. प्रयोग संपल्यावर मी तुम्हाला शोधलं, पण जिन्यावर एकच गर्दी झाली आणि आम्हाला गाडी गाठायची होती.

परतीच्या महालक्ष्मीत दिवे बंद झाल्यावर, कर्जत मागे पडल्यानंतर कधीतरी, आईने खालच्या बर्थवरून मला हाक मारली. म्हणाली, "त्या बाईंनी पदराआड उजेड धरला ना, तसाच मी विंगेत धरायचे. वहीवर पडेल एवढाच. प्रेक्षकांत जायला नको." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मला कुणी धरला नव्हता आजपर्यंत."

काकू, तुम्ही तो उजेड धरलात, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पट्टीच्या पैशांचं मी विचारणार नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं आई म्हणते.

पाच नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला आमच्या गावात फार आनंदाचं वातावरण असतं. त्या सुमारास किंवा कधीही सांगलीला येणं झालं तर आमच्याकडे उतरा. आईने त्या आठवड्यातच पुढच्या नाटकाची विचारणा सुरू केली आहे. सेल बदलताना ती स्टिकर काढून सेल टेबलावर ठेवते आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फिरेपर्यंत हात लावत नाही, मलाही लावू देत नाही. तुमच्या पट्टीतले दोन अजून शिल्लक आहेत.

आपली कृतज्ञ,
सांगलीची एक नर्स, आणि तिची आई